कार्व्हर सर्वांना हवा, टस्कीगी कोणालाच नको : कापसाच्या दोन प्रदेशांतील कृषिशिक्षणाचा इतिहास

१/ धागा.
वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मराठी घरांतल्या पुस्तकांच्या फळीवर त्याची जागा पक्की आहे. गुलामीत जन्मलेला अनाथ मुलगा पुढे जगप्रसिद्ध कृषिशास्त्रज्ञ होतो, ही कथा शाळेत सांगितली जाते, वक्तृत्व स्पर्धांत गाजते आणि बहुतेक वेळा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : जिद्द असेल तर परिस्थिती आड येत नाही.

२/ दोष पुस्तकाचा नाही, त्याच्या या वाचनाचा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ज्या टस्कीगी संस्थेत आयुष्याची अखेरची ४६ वर्षे राबले, ती कशी उभी राहिली? तिला पैसा कोणी दिला, कोणी नाकारला? तिथे शिकवलेली शेती करायला जमीन कोणाकडे होती? हे प्रश्न विचारले की जिद्दीची गोष्ट मागे सरते आणि कायदा, जमीन व सरकारी तिजोरी पुढे येतात.

३/ हेच प्रश्न नागपूरच्या कृषी महाविद्यालयालाही विचारले पाहिजेत. महाराजबागेतील प्राणिसंग्रहालय पाहायला जाणाऱ्या किती नागपूरकरांना ठाऊक असते की ती बाग याच महाविद्यालयाच्या ताब्यात आहे? १९०६ साली सुरू झालेली ही संस्था देशातील जुन्या कृषी महाविद्यालयांपैकी एक. तिचा आणि टस्कीगीचा इतिहास शेजारी ठेवून वाचावा असा आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच पीक आहे आणि एकच युद्ध आहे.

४/ ते युद्ध म्हणजे अमेरिकेतील यादवी, १८६१ ते १८६५. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीवर स्थिरावली. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला गेला, त्या पदावर रिव्हेट-कार्नॅक आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. अलाबामातील गुलामी मोडणाऱ्या युद्धाने विदर्भाला कापसाला जुंपले.

५/ त्याच युद्धाच्या धामधुमीत, २ जुलै १८६२ रोजी, अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या संसद सदस्यांच्या संख्येनुसार, दर सदस्यामागे ३० हजार एकर सरकारी जमीन मिळायची. ती विकून शेती व यंत्रविद्या शिकवणारे महाविद्यालय उभारायचे. हीच 'लँड-ग्रँट' महाविद्यालये. या सरकारी जमिनीपैकी १ कोटी एकरांहून अधिक जमीन मूळनिवासी जमातींकडून घेतलेली होती. म्हणजे अमेरिकेचे कृषिशिक्षण पहिल्या दिवसापासून कोणाच्या तरी जमिनीवर उभे होते.

६/ दक्षिणेकडील राज्यांनी या पैशातून काढलेल्या महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. मिसिसिपीतील ऑल्कॉर्न (१८७१) हा मोजका अपवाद. मग १८९० साली दुसरा मॉरिल कायदा आला. त्याने राज्यांपुढे दोन वाटा ठेवल्या : प्रवेशात वर्णभेद करू नका, किंवा कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संस्था काढून तिला न्याय्य वाटा द्या. दक्षिणेने दुसरी वाट धरली. संस्था वेगळ्या काढल्या आणि न्याय्य वाटा तेवढा विसरला गेला. आजही त्या '१८९० च्या संस्था' म्हणूनच ओळखल्या जातात. त्यांची संख्या १९ आहे.

७/ टस्कीगी त्याआधीची, ४ जुलै १८८१ ची. तिच्या जन्माची कथा स्वावलंबनाच्या व्याख्यानांत सहसा सांगितली जात नाही. अलाबामाच्या सिनेटची निवडणूक लढवणाऱ्या एका गोऱ्या उमेदवाराला कृष्णवर्णीयांची मते हवी होती. लुईस अ‍ॅडम्स या पूर्वाश्रमीच्या गुलाम कारागिराने सौदा केला : मते देतो, आमच्या मुलांसाठी शाळा द्या. राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २ हजार डॉलर मंजूर केले. संस्थेचा पाया मतपेटीत घातला गेला. बुकर टी. वॉशिंग्टन तिथे आले ते त्यानंतर.

८/ कार्व्हर १८९६ मध्ये टस्कीगीला आले. पुढच्याच वर्षी अलाबामाने तिथल्या प्रयोगक्षेत्रासाठी वर्षाला १,५०० डॉलर मंजूर केले. तेव्हा १८८७ च्या हॅच कायद्यानुसार प्रत्येक राज्याच्या मुख्य प्रयोगकेंद्राला केंद्राकडून वर्षाला १५ हजार डॉलर मिळत, आणि अलाबामात हा पैसा गोऱ्यांच्या ऑबर्नला जाई. दहापट फरक. कार्व्हर यांनी भंगारातून प्रयोगशाळा उभारली, याचे आपल्याकडे कोण कौतुक! ते भंगार वेचावे का लागले, हे मात्र कोणी विचारत नाही. त्या साधेपणाच्या मागे एक सरकारी निर्णय होता.

९/ आता त्यांचे विद्यार्थी आणि श्रोते पाहा. मेकन परगण्यातील बहुतेक कृष्णवर्णीय शेतकरी कुळे होती. बियाणे, खत, धान्य उधारीवर घ्यायचे आणि हंगामाच्या शेवटी कापूस मालकाच्या हवाली करायचा. हिशेबाची वही मालकाकडे. विदर्भात बटईने वावर करणाऱ्याला किंवा सावकाराच्या वहीत अंगठा उमटवणाऱ्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

१०/ कार्व्हर त्यांना चवळी, रताळी, भुईमूग घ्यायला सांगत. कपाशीने झिजलेली जमीन शेंगवर्गीय पिकांनी सुधारते. विकतचे खत परवडत नसेल तर पाणथळीतला गाळ आणि पालापाचोळा कुजवून घाला. सल्ला शास्त्रशुद्ध होता आणि गरिबासाठी होता. पण मालकाला आणि सावकाराला कापूसच हवा असे, कारण तोच बाजारात रोकड आणत असे. पीक बदलण्याचा अधिकार ज्याचा नाही, त्याने पीकपालटाचे व्याख्यान ऐकून काय करावे? कार्व्हर यांच्या ज्ञानाला पहिली अट जमिनीची होती.

११/ वॉशिंग्टन यांना हे कळत होते. १८९२ पासून टस्कीगीत भरणाऱ्या शेतकरी परिषदांत एक उपदेश वारंवार होई : कर्ज टाळा, जमीन विकत घ्या. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील कृष्णवर्णीयांकडे सुमारे दीड कोटी एकर जमीन होती. गुलामीतून सुटून अर्धशतकही झाले नव्हते, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते.

१२/ १९०६ हे वर्ष अधोरेखित करून ठेवावे. त्या वर्षी टस्कीगीतून एक खेचरांची गाडी बाहेर पडली. न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप या धनिकाच्या देणगीतून ती बांधली होती, म्हणून तिचे नाव 'जेसप वॅगन'. गाडीत नांगर, बियाणे, दुधाची यंत्रे. जो शेतकरी महाविद्यालयापर्यंत येऊ शकत नाही, त्याच्या शेताच्या बांधावर महाविद्यालयाने जायचे. त्याच वर्षी टॉमस कॅम्पबेल यांची कृषी प्रात्यक्षिकांसाठी नेमणूक झाली. सरकारी कृषिविस्तारात नेमलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

१३/ त्याच १९०६ मध्ये नागपुरात कृषी महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी, १८८० च्या दशकात, प्रायोगिक शेती आणि शेतकीचा वर्ग होता. आणि त्याच वर्षाच्या १८ ऑक्टोबरला मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. शेतीचे शिक्षण आणि अस्पृश्यांचे शिक्षण, दोन्हींची महत्त्वाची पावले एकाच वर्षी पडली. पण ती दोन वेगळ्या रस्त्यांवर पडली, आणि ते रस्ते पुढेही एकमेकांना मिळाले नाहीत.

१४/ नागपूरच्या महाविद्यालयाचे प्रयोजन उघड होते : शेतकी खात्याला माणसे पुरवणे, कापसाचे वाण सुधारणे, दुष्काळाने हादरलेल्या प्रांताचा महसूल सावरणे. सरकारी कृषिप्रचाराचा मार्ग जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी संघांतून जाई, आणि त्या संघांत मालगुजार व मोठे कास्तकार बसत. सुधारित बियाणे आधी त्यांच्या वावरात पडायचे. तिथून ज्ञान खाली झिरपेल, अशी अपेक्षा होती.

१५/ मालगुजारी ही नागपूर प्रांताची खास व्यवस्था. १८६० च्या दशकातील बंदोबस्तात इंग्रजांनी गावचा सारा गोळा करणाऱ्यांना गावाचे मालक करून टाकले. ती ३१ मार्च १९५१ पर्यंत टिकली. या व्यवस्थेत वखर धरणारा सालदार आणि कापूस वेचणारी मजूरबाई कृषिशिक्षणाच्या नकाशावर कुठे होती? कुठेच नव्हती. खात्याच्या लेखी ती 'मजुरी' या खर्चाच्या रकान्यातील एक नोंद होती.

१६/ 'त्या काळी असा विचार करणारे कोणी नव्हते', हा बचाव इथे चालत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेत शेतीचे मूलभूत ज्ञान द्यावे आणि प्रत्यक्ष शिक्षणासाठी शाळांना लहान नमुना-शेते जोडावीत, ही मागणी त्यात आहे. टस्कीगी सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. फुले यांनी मागितलेली शेते महाविद्यालयाच्या आवारात नव्हती, खेड्यातल्या शाळेच्या दाराशी होती.

१७/ त्याच निवेदनात फुले यांनी हिशेबही मांडला : सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. अलाबामाच्या १५ हजार आणि १,५०० डॉलरच्या भानगडीचे हे मराठी भाषांतर म्हणावे इतके साम्य आहे. आणि हे साम्य योगायोगाचे नाही. 'गुलामगिरी' हा ग्रंथ फुले यांनी १८७३ मध्ये गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. दोन्ही प्रश्न एका जातीचे आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

१८/ मग नागपूरच्या अस्पृश्य समाजाने शिक्षण कुठून मिळवले? स्वतःच्या वस्तीतून. किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात मुलींची शाळा काढली. पुढे जाईबाई चौधरी यांनी चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा चालवली. गावचा महारकीचा जाच सोडून माणसे गिरणीत, रेल्वेत, विडीच्या कारखान्यात जात होती. अक्षरओळख त्यांना गावाबाहेर नेत होती. शेतकीचे शिक्षण त्यांना पुन्हा मालगुजाराच्या वावरात उभे केले असते, तेही मजूर म्हणूनच.

१९/ इथे एक जुना आक्षेप तपासला पाहिजे : आंबेडकरांनी कायदा, अर्थशास्त्र, कला-विज्ञान महाविद्यालये यांकडे लक्ष दिले, शेतीकडे दुर्लक्ष केले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने (१९४५) मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले. आंबेडकरांच्या हयातीत तिने कृषी महाविद्यालय काढले नाही, हे खरे. पण त्यावरून दुर्लक्षाचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी त्यांचे शेतीविषयक लेखन उघडूनच पाहिलेले नसते.

२०/ १९१८ : भारतातील लहान जमीनधारणेवरील निबंध. तुकडा लहान असणे हा मूळ रोग नाही, भांडवलाचा अभाव आणि शेतीवर साचलेली जादा माणसे हा रोग आहे, असे त्यात प्रतिपादन.
१९२८ : महार वतनाविषयीचे विधेयक.
१९३७ : कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक.
१९४७ : 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', ज्यात जमीन राज्याच्या मालकीची आणि शेती सामुदायिक : जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही.
तीस वर्षे सातत्याने शेतीवर विचार करणाऱ्याला शेतीकडे दुर्लक्ष करणारा म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

२१/ आणि या यादीतील सर्वांत नागपुरी नोंद १९४२ ची. जुलै महिन्यात नागपुरात अखिल भारतीय परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म तिथलाच. त्या परिषदेने सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसवण्याची मागणी केली. ती मान्य झाली असती तर कृषिशिक्षणाला प्रथमच असा विद्यार्थी मिळाला असता, ज्याच्या हातात पुस्तकही आहे आणि पायाखाली स्वतःची जमीनही. मागणी कागदावर राहिली. पुढे दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले, ते त्याच जमिनीसाठी.

२२/ आंबेडकरांचा क्रम स्पष्ट होता : आधी जमिनीचा हक्क, मग शेतीचे शास्त्र. जमिनीवाचून शेतीचे शिक्षण म्हणजे अधिक कुशल मजूर तयार करण्याचा कारखाना. अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०३ मध्ये वॉशिंग्टन यांच्यावर याच अंगाने टीका केली : राजकीय हक्क बाजूला ठेवून दिलेले हातकामाचे शिक्षण टिकणार नाही. आंबेडकर आणि डू बॉइस यांच्यात १९४६ मध्ये पत्रव्यवहार झाला, हा योगायोग मानू नये. दोघेही राजकीय हक्कांवाचून मिळालेल्या प्रगतीवर विश्वास ठेवणारे नव्हते.

२३/ टस्कीगीला देव्हाऱ्यात बसवण्याचेही कारण नाही. १९०१ मध्ये तिथली माणसे जर्मनांच्या ताब्यातील टोगो या आफ्रिकी वसाहतीत कापूस पिकवायला गेली. मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांनी दुसऱ्या साम्राज्यासाठी आफ्रिकी शेतकऱ्याला कापसाला बांधण्यात हातभार लावला. कृषिशिक्षण आपोआप मुक्तिदायी नसते, याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागणार नाही.

२४/ पुढे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषिविस्तारासाठी मोठा पैसा आला. तो कोणत्या महाविद्यालयाला द्यायचा, हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचे. दक्षिणेच्या विधिमंडळांनी काय ठरवले असेल, हे सांगायला नको. १९२० मध्ये ९ लाखांहून अधिक असलेले कृष्णवर्णीय शेतकरी १९९७ पर्यंत २० हजारांच्या आत आले. दीड कोटी एकरांपैकी सुमारे ९० टक्के जमीन हातची गेली. कर्ज देताना केंद्रीय कृषी खात्याने भेदभाव केल्याच्या दाव्यात १९९९ मध्ये सरकारला मोठी तडजोड करावी लागली. 'पिगफर्ड' म्हणून तो खटला प्रसिद्ध आहे.

२५/ हिशेब अजून मिटलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण व कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली : १९८७ ते २०२० या काळात तुमच्या १८९० च्या संस्थांना, गोऱ्यांसाठी स्थापन झालेल्या संस्थांच्या तुलनेत, एकूण १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी दिला गेला. कृष्णवर्णीयांनी कमी जिद्द दाखवली, असे त्या पत्रांत कुठेही नाही. त्यांत आकडे आहेत, आणि देणेकरी कोण हेही आहे.

२६/ आता महाराष्ट्राकडे. स्वातंत्र्यानंतर भारताने कृषी विद्यापीठाची कल्पना घेतली ती अमेरिकेकडूनच. १९६० मध्ये पंतनगरला पहिले विद्यापीठ उभे राहिले, इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने. अध्यापन, संशोधन, विस्तार ही त्रिसूत्री तिथूनच आली. राहुरीचे विद्यापीठ १९६८ चे. विदर्भातून झालेल्या तीव्र मागणीनंतर अकोल्याचे २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. नागपूरचे महाविद्यालय त्याचाच भाग झाले.

२७/ भारताला मदत करणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांची नावे पाहा : इलिनॉय, कॅन्सस, मिसूरी, ओहायो, टेनेसी, पेनसिल्व्हेनिया. सगळी १८६२ च्या वंशावळीतली. ज्यांच्याकडे आधीच जमीन आहे, त्यांच्यासाठी आखलेली. १८९० ची वंशावळ, भूमिहीन आणि कुळे यांच्यातून वर आलेली, जेसप वॅगनचा वारसा सांगणारी, या यादीत नाही. मराठी वाचकाने कार्व्हर डोक्यावर घेतला आणि मराठी राज्याने ऑबर्नचे भावंड घरी आणले.

२८/ अकोल्याच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या पंजाबराव देशमुखांना यातला विरोधाभास नक्की जाणवला असता. शेतकऱ्यांचे नेते आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री म्हणून ते सर्वांना आठवतात. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये झालेल्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते, हे कमी जणांना आठवते. शेतीचा प्रश्न आणि अस्पृश्यतेचा प्रश्न त्यांच्या एका आयुष्यात एकत्र आले होते. त्यांच्या नावाच्या व्यवस्थेत ते पुन्हा विलग झाले.

२९/ 'पण आता राखीव जागा आहेत ना?' आहेत, आणि त्या लढून मिळवलेल्या आहेत. त्या पदवी देतात, नोकरीची वाट उघडतात. पण कृषिविस्ताराचा, अनुदानाचा, योजनेचा लाभार्थी ठरतो तो सातबाऱ्यावरून. २०१९ ची पीएम-किसान योजना जमीनधारक कुटुंबांपुरतीच आहे. शेतमजूर, बटईदार हेही शेतकरीच, असे २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने म्हटले होते. ती व्याख्या धोरणाच्या पुस्तिकेत राहिली आणि तलाठ्याच्या दप्तरापर्यंत आली नाही.

३०/ २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील शेतजमिनीपैकी सुमारे ८.६ टक्के क्षेत्र अनुसूचित जातींकडे आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांचे लोकसंख्येतील प्रमाण १६.६ टक्के. त्यांची सरासरी धारणा एक हेक्टरहूनही कमी. महाराष्ट्राने २००४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नावाने भूमिहीनांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत देण्याची योजना आणली. कल्पना योग्य दिशेची. पण ही जमीन मिळालेल्या कुटुंबाच्या बांधावर कृषी विद्यापीठाची गाडी जाईल, अशी जोडणी योजनेच्या गाभ्यात नव्हती. जमीन एका खात्याची, ज्ञान दुसऱ्या खात्याचे.

३१/ 'म्हणजे दलितांसाठी वेगळी कृषी महाविद्यालये काढायची का?' नाही. वेगळे काढून उपाशी ठेवणे कसे असते, हे १८९० च्या कायद्याने दाखवले आहे. मागणी तीन गोष्टींची आहे. भूमिहीनाला मिळणाऱ्या जमिनीसोबत विद्यापीठाची बांधलेली जबाबदारी. फुले यांनी मागितलेली, शाळेला जोडलेली नमुना-शेते. आणि बटईदार व शेतमजूर यांना, विशेषतः वेचणी-निंदणी करणाऱ्या बायांना, कृषिविस्ताराच्या यादीत स्वतःच्या नावाने जागा.

३२/ यातले काहीही परदेशी नाही. पहिली मागणी १९४२ च्या नागपूर परिषदेच्या जवळची, दुसरी १८८२ ची, तिसरी २००७ च्या सरकारी धोरणातली. महाराष्ट्राला नवे विचार सुचण्याची गरज नाही, जुनी देणी फेडण्याची आहे.

३३/ कार्व्हर यांचे चरित्र जरूर वाचावे आणि लहानग्यांच्या हाती द्यावे. फक्त 'जिद्द' हा शब्द आला की एक प्रश्न जोडावा : ज्या शेतकऱ्यांना कार्व्हर भुईमूग लावायला सांगत होते, ते वावर कोणाचे होते? हाच प्रश्न यवतमाळ-वर्ध्याच्या कापूसपट्ट्यात विचारला की विदर्भाचा इतिहास वेगळा दिसू लागतो. सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस त्या इतिहासात शेतकरी म्हणून उभा राहतो.

(समाप्त)